सात नंबरचा बाण

१

खटका चोरीला गेला असं वकीलबाईनं सांगितलं, तेव्हा तो माझ्यासमोर टेबलावर पडला होता. मी त्याच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाई, मग हा काय?"

"हा नव्हे, काकू. कागदावरचा."

लोखंड जागेवर आणि लोखंडाचं चित्र गायब. असली चोरी मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. म्हटलं, ही बाई शिकून शिकून दमली असेल. पण तिचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा पडला होता, म्हणून जीभ आवरली.

आमचा धंदा दुकानांची शटरं बनवायचा. शटरच्या वर पेटीत स्प्रिंग असते. ती तुटली की अख्खं शटर खाली उभ्या माणसाच्या अंगावर येतं. आमच्या ह्यांचा खांदा असाच गेला, तो शेवटपर्यंत वर झाला नाही. धाकट्या मुलानं ते लहानपणी पाहिलेलं. त्यानं डोकं चालवून एक खटका केला. शटर हळू आलं तर खटका गप्प बसतो, जोरात आलं की त्याच्यातलं एक बारकं पातं फटकन उघडतं आणि बाजूच्या पट्टीला चावतं. शटर जागच्या जागी लटकतं. खटके जगात पुष्कळ असतील, पण ते पातं फक्त आमचं. त्याचंच पेटंट घ्यायचं होतं.

पेटंट म्हणजे काय हे मला तिघांनी तीन वेळा सांगितलं. मला कळलं ते एवढं, की हे आधी तुम्हाला सुचलं असं सरकारनं मान्य करायचं. सगळा जीव त्या 'आधी'मध्ये. आणि हल्ली कागद घेऊन कुणी दारात उभं राहायचं नाही. सगळं कॉम्प्युटरमधून पाठवायचं. तिकडे पोचलं की तिकडचं मशीनच तारीख टाकतं. ती तारीख म्हणजे तुमचं नाक.

"पेटंट कार्यालयाचं म्हणणं आलंय," वकीलबाई म्हणाली. "वर्णनात सात नंबरचा भाग लिहिलाय, पातं. चित्रात पातं नाही. नवीन चित्र द्या म्हणतात. पण मग तारीख नवीन चित्र पोचेल त्या दिवसाची धरणार."

"धरू दे की. चार दिवस इकडे तिकडे."

"मधल्या काळात पलीकडच्यांनी अर्ज टाकलाय, काकू. अशाच पात्याचा."

पलीकडचे म्हणजे एके काळी आमच्या ह्यांचे भागीदार. भांडून वेगळे झाले आणि दोन रस्ते सोडून शटरंच बनवायला बसले. आमची तारीख सरकली की ते पुढे, आम्ही मागे. आमच्याच पोराचं पातं आम्हालाच बनवता येणार नाही.

कारखान्यातलं लेथही तेवढ्यात थांबलं. पलीकडच्यांकडे हिशेब लिहायला कोण बसतं? माझ्या थोरल्या सुनेचा सख्खा भाऊ. आणि आमचे कागद कॉम्प्युटरमधून कुणी पाठवले? थोरल्या सुनेनं.

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती फरशीकडे.

२

थोरल्यानं तोंड उघडलं तसं मी त्याला बसवलं. या घरात कोर्ट एकच आणि ते माझ्या खुर्चीवर भरतं. चौथीत शाळा सुटली माझी, पण घरातली गेलेली एकही वस्तू मी शोधल्याशिवाय राहिले नाही.

धाकट्याला आधी घेतलं.

"पातं काढलं होतंस ना चित्रात? का डोक्यातच राहिलं?"

"आई, काढलं होतं. सगळ्यांत नीट तेच काढलं होतं. उलट शेवटी पुन्हा गिरवलं, म्हणजे साहेबाची नजर पहिल्यांदा तिथंच पडावी."

"वकीलबाईनं पाहिलं होतं?"

"कच्चं पाहिलं होतं. पक्कं मी थेट वहिनीकडे दिलं."

म्हणजे वाट पुन्हा सुनेच्याच दारात. सुनेला बोलावलं. ती आली ती पिशवी घेऊन. हिची एक खोड सांगून ठेवते. ही कुठलीही गोष्ट एकदा करत नाही. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार. बाजाराला जाताना पिशवीत दुसरी पिशवी, आणि त्या दुसरीतही एक घडी घातलेली. एकदा मी पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "हिच्या पोटी जुळंच व्हायला हवं होतं, एकावर हिचा विश्वास बसायचा नाही." पाहुणे हसले. ती हसली नव्हती.

"चित्रात काही बदललंस?"

"नाही, आई."

"कुणी बदललं?"

"माहीत नाही, आई."

"भावाशी बोललीस खटक्याबद्दल?"

तिनं मान वर केली. "भावाशी मी त्याच्या गुडघ्याबद्दल बोलते."

उत्तर मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. न्यायाला बसलेल्या माणसानं हसू नये.

३

मग जावई. कारखान्यात कॉम्प्युटर त्यानंच आणून बसवला, त्यामुळे कॉम्प्युटरचं काही बिनसलं की तो आणि काही सुधारलं तरी तोच. गेले काही महिने तो भागीदारीचा विषय काढत होता. तेव्हा तोही माझ्या यादीत.

"आई, मूळ फाईल बघा," असं म्हणून त्यानं काच माझ्याकडे वळवली. चित्र दिसलं. त्यात खटका होता आणि खटक्यात पातंही होतं, चांगलं ठळक.

"हे तर आहे."

"तेच सांगतोय. आपल्याकडे आहे. आता कार्यालयाला जी पोचली ती प्रत बघा." त्यानं दुसरं उघडलं. खटका होता. पात्याच्या जागी काही नव्हतं. कोरं.

"म्हणजे रस्त्यात पडलं."

"रस्त्यात काही पडत नाही, आई. फाईल जाते ती अख्खी जाते, नाहीतर जातच नाही."

"मग अर्धी कशी गेली?"

"तेच कळत नाही."

"तुला कळत नाही तर मग तुला कॉम्प्युटर कशाला दिला?"

"मीच दिलाय, आई."

खरं होतं ते. मी विषय बदलला. पाठवताना सही कशी करतात म्हणून विचारलं. तर म्हणे सही म्हणजे किल्लीसारखं एक बोटभर यंत्र. ते कॉम्प्युटरला टोचायचं, वर आकडे घालायचे. माणूस अंगठा उठवत नाही, पेन धरत नाही, तरी ती सही. ते यंत्र थोरल्याच्या खिशात असतं.

"मग थोरल्यानं सही करताना बघितलं नाही?"

"सही करण्याआधी एकदा दाखवतं मशीन. त्यांनी बघितलं नसेल."

थोरला पलीकडून म्हणाला, "वीस पानं होती, आई. सगळी बघत बसलो असतो तर शटरं कुणी बसवली असती?"

इथं माझी मती गुंग झाली. चित्र बदलल्याशिवाय पातं जाणार नाही. कुणी बदललं नाही. घरात आहे ते तिथं नाही. सही केली ती न बघता. माझ्या काळात चोरी झाली की निदान खिडकीचा गज तरी वाकलेला असायचा. इथं गज कुठला हेच कळेना.

तेवढ्यात वकीलबाईनं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काकू, यात एक गाठोडं जास्त आहे."

४

कार्यालय पोच देतं त्यात काय काय आलं ते लिहिलेलं असतं. वकीलबाईनं वाचून दाखवलं. अर्ज, वर्णन, दावे, चित्रं, वकीलपत्र. हे पाच तिनं सांगितलेले. आणि सहावं, बांधून पाठवलेलं एक गाठोडं, जावई त्याला झिप म्हणतो. त्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

"मी असलं काही जोडायला सांगितलं नव्हतं. उलट यादीबाहेरचं काही पाठवू नका असं बजावलं होतं."

"उघड की मग."

"तिकडून मागवावं लागेल. उद्या मिळेल."

थोरला उठला. बायकोसमोर उभा राहिला. "काय होतं त्यात?"

ती पुन्हा फरशीकडे बघायला लागली.

"कुणासाठी पाठवलंस?"

"कुणासाठी नाही हो."

"मग का पाठवलंस?"

तेव्हा तिनं नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, अपराध्याची नजर अशीच असते. आता मागं वळून बघते तर ती नजर अपराध्याची नव्हती. माझ्या जिभेचा वार कुठून येईल ते बघणाऱ्याची होती.

"सांगायचं नसेल तर नको सांगूस," थोरला म्हणाला. "मग तुझ्या भावालाच जाऊन सांग."

हे तो बोलायला नको होता. पण बोलला, आणि बोललेलं परत गिळता येत नाही. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात पिशवी होती. पिशवीत पिशवी होतीच.

"उद्या गाठोडं उघडलं की कळवा," ती म्हणाली. "तोवर मी माहेरी आहे. माझ्यामुळे बिघडलं असेल तर तेही कळवा."

माझ्यामुळे बिघडलं असेल तर. चोरलं असेल तर नव्हे. मला ते कानाला खटकलं, पण तेव्हा रागाचा आवाज कानात मोठा होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवालीकडे गेले. पहिला खटका तिच्याच शटरला बसवला होता. अर्ज पाठवला की मग दाखवायला हरकत नाही असं वकीलबाई म्हणाली आणि थोरल्यानं दम न खाता दुसऱ्याच दिवशी बसवून टाकला.

"खटका कसा चाललाय?" मी विचारलं.

"झकास. बसवल्यावर दोनच दिवसांनी तो पलीकडचा फिटर तेल घालायला आला होता ना, तोसुद्धा बघत राहिला. पेटीत मुंडकं घातलं ते बाहेर काढीना. मी म्हटलं, अरे, राहायला आलास का?"

"कागदपेन्सिल होती त्याच्याकडे?"

"फोन होता. फोटो काढत होता. मी म्हटलं, माझे काढ म्हणावं, पेटीचे काय काढतोस."

झालं. पलीकडच्यांना पातं लॉन्ड्रीच्या पेटीतून मिळालं. सुनेच्या भावाच्या गुडघ्यातून नव्हे. हे एक कोडं सुटलं आणि दुसरं जास्तच घट्ट झालं. पलीकडच्यांनी चोरलं ते आमची फाईल गेल्यावर. मग फाईलमधलं पातं कुणी नेलं, आणि कशाला?

घरी येऊन मी कार्यालयाची छापील प्रत समोर घेतली. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर करत जावं लागतं. पण चित्र बघायला शाळा लागत नाही. मी एकेक आकडा बोटानं धरत गेले. एक नंबर, बाण, पट्टी. दोन नंबर, बाण, डबी. असं करत सातवर आले.

सात होता. सातचा बाणही होता. चांगला काळा, सरळ, टोकदार. आणि टोकापुढे कोरा कागद.

मी थांबले. घरात घुसून तिजोरी नेणारा चोर तिजोरीची चिठ्ठी भिंतीवर ठेवून जाईल का? पातं पुसायचं तर त्याचा आकडा आणि बाण आधी पुसायचा. नाहीतर कुणालाही कळणार की इथं काहीतरी होतं. कार्यालयाला कळलंच की. आणि वर्णनातही पात्याचं पानभर कौतुक तसंच होतं. ज्यानं हे केलं त्याला लपवायचंच नव्हतं. किंवा त्याला लपवणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

असा चोर माणूस असू शकत नाही.

हे मनात आलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. म्हटलं, म्हातारे, आता भुताखेतावर येणार का? कागद बाजूला सारले तर खालून वकीलपत्र वर आलं, तेही कार्यालयाच्याच प्रतीतलं. आमच्या कारखान्याच्या छापील कागदावर थोरल्यानं स्वतः करून दिलेलं. सुनेनं त्याला पाठवण्यापुरता हात लावलेला. वर आमची खूण, दातेरी चाक.

चाक होतं. चाकातली चांदणी नव्हती.

६

सगळ्यांना बोलावलं. वकीलबाई आली, जावई आला, लेथवालाही हात पुसत दारात उभा राहिला. थोरल्याला म्हटलं, बायकोला घेऊन ये, आणि वाटेत तोंड बंद ठेव.

"पातं नेलं त्याला पैसे मिळतील असं आपण धरून चाललो," मी म्हटलं. "आपल्या चाकातली चांदणी नेऊन कुणाला काय मिळणार?"

कुणालाच कळेना. मी कागद फिरवला. जावई म्हणाला, "अरेच्चा."

"धाकट्या, पातं कुठल्या रंगानं काढलंस?"

"पिवळ्या." त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "नवा भाग आपण पिवळाच काढतो ना."

ही आमच्या ह्यांची पद्धत. कारखान्यात कुठलंही चित्र लावलं की जुने भाग काळे, नवा भाग पिवळा. लेथवाल्यानं बाकी वाचायच्या भानगडीत पडू नये, पिवळं दिसलं की ते करायला घ्यावं. चाकातली चांदणीही त्यांनीच पिवळी करून घेतली होती.

वकीलबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "मी रंग नको म्हणून सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं."

"रंग कुठं दिला?" धाकटा म्हणाला. "पिवळं फक्त केलं."

"पिवळा रंगच असतो."

"आमच्यात ती खूण असते," लेथवाला दारातून म्हणाला, आणि धाकट्यानं मान हलवली. दोघांनाही खरंच वाटत होतं की वकीलबाईचं काहीतरी चुकतंय.

मग वकीलबाईनं मला समजेल असं सांगितलं. कार्यालयाचं मशीन सगळं काळ्या-पांढऱ्यात करून ठेवतं. मधलं काही त्याला कळत नाही. गडद असेल ते काळं, फिकं असेल ते पांढरं. तिनं जावयाला तसंच करून बघायला सांगितलं. त्यानं आमचं मूळ चित्र घेतलं, एक बटण दाबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पातं गेलं. सातचा बाण कोऱ्या कागदाकडे बोट दाखवत राहिला.

ज्या भागावर नजर पडावी म्हणून पिवळा केला, नेमका तोच मशीननं पुसला.

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. ती दाराजवळ, पिशवी अजून हातात. पण मला आनंद होईना. चोर नव्हता हे ठीक, पण तारीख? चोर नसला म्हणून तारीख थोडीच परत येते. वकीलबाईला मी तेच विचारलं.

"नाही येत," ती म्हणाली. "एक सोय आहे नियमात. मशीननं बदलण्याआधीचं मूळ, जसं तयार केलं तसंच, अर्जाबरोबर त्याच वेळी जोडलेलं असेल, तर बदलताना झालेली चूक त्यावरून दुरुस्त करतात आणि तारीख हलत नाही. पण नंतर पाठवलेलं मूळ चालत नाही. आणि मी जोडायला सांगितलं नव्हतं. आमची चित्रं काळीच येतात, कधी गरज पडली नाही." तिचा आवाज खाली गेला. "ती चूक माझी."

मला काही तरी आठवत होतं आणि हाताला लागत नव्हतं, चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधावा तसं.

मग मी सुनेच्या हाताकडे बघितलं. पिशवीकडे. पिशवीतल्या पिशवीकडे.

"त्या गाठोड्यात काय बांधलंस गं?" मी विचारलं.

तिनं पिशवी छातीशी धरली.

"मी काही म्हणणार नाही."

"तुम्ही म्हणाल, आई."

"बरं, म्हणेन. तरी सांग."

"तेच चित्र," ती म्हणाली. "पाठवायच्या पानावर खाली एक जागा होती. मूळ जोडायचं असल्यास इथे, असं लिहिलं होतं. मला वाटलं, एक गेलंय ते नीट पोचलं नाही तर दुसरं असू द्यावं. भाऊजींनी दिलं तसंच्या तसं बांधून घातलं. नंतर वकीलताईंची सूचना पुन्हा वाचली, जास्तीचं काही पाठवू नका. तेव्हापासून मला वाटतंय, माझ्या त्या जास्तीच्यामुळेच सगळं बिघडलं." ती क्षणभर थांबली. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा ते जुळ्यांचं बोलला असता."

वकीलबाईनं आधीच फोन कानाला लावला होता.

७

गाठोडं दुपारी उघडलं. आत आमचं चित्र, पातं पिवळंधमक. वकीलबाईनं अर्ज लिहिला, मूळ दाखवलं, नियम दाखवला. उत्तर यायला वेळ लागला आणि तेवढा वेळ घरात कुणी नीट जेवलं नाही, सून सोडून. तिनं माझ्या पुढ्यातलं ताटही दोनदा वाढलं.

उत्तर आलं. चित्र दुरुस्त झालं. तारीख पहिलीच राहिली. पलीकडचे आमच्या मागे. पात्याचा मान मिळायला अजून वर्षं लागतील, तपासणारा साहेब त्याची वेगळी चिरफाड करणार आहे म्हणे. करू दे. रांगेत नंबर आमचा.

थोरल्यानं बायकोची माफी कशी मागितली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. धाकट्याला वकीलबाईनं काळ्या पेनांचा डबा आणून दिला. त्यानं तो फळीवर ठेवला आणि पुढचं चित्र पुन्हा पिवळ्यानंच सुरू केलं. म्हणाला, लेथवाल्याला तेच कळतं, कार्यालयासाठी वेगळं काढीन.

जावई मला अजून समजावतो की मशीन चुकलं नाही, त्याला सांगितलं तेच त्यानं केलं. मला हे काही पटत नाही. मलाही पुष्कळ काय काय सांगितलं जातं, म्हणून मी डोळ्यांसमोरचं पातं पुसत नाही.

उत्तर आलं त्या संध्याकाळी कारखाना बंद करताना मी सुनेबरोबर थांबले. एरवी थांबत नाही, माझे पाय दुखतात. तिनं शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, एकदा ओढून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्यांदा ओढायला गेलेला हात मागे घेतला.

मी पुढे झाले, कुलूप धरलं आणि स्वतःच ओढून बघितलं.

"चल," मी म्हटलं. "आता झालं बरोबर दोनदा."